बगळेरावांनी पास केलेली होडी

एका जंगलात, झाडं संपून जिथं खारं पाणी सुरू होतं तिथं, तानी नावाची एक सशीण दिवसभर चरायची. तिची पिल्लं मात्र खाडीपलीकडच्या बेटावर असायची. बेटावर बिबट्या नव्हता, म्हणून पिल्लं तिकडे. बेटावर चारा नव्हता, म्हणून आई इकडे. पोट भरलं की ती पिल्लांना पाजायला परत जायची.

कशी? कयाकमधून. हसू नका. गोष्टीतल्या सिंहाला मुकुट असतो तेव्हा तुम्हाला बरं चालतं, मग सशिणीकडे कयाक असली तर कुठे बिघडलं?

कयाक म्हणजे लांबुळकी, अरुंद, वरून झाकलेली होडी. मधल्या भोकात बसायचं, पाय आत लांब करायचे आणि वल्हं मारायचं. वल्हं हातानं मारतात असं तुम्हाला वाटतं ना? खुळे आहात. हात नुसते फिरतात, जोर पायांतून येतो. म्हणून आत पायांशी दोन टेकू असतात. टेकूंच्या पुढे एक आडभिंत असते. बसायच्या जागेत पाणी शिरलं तरी ते पुढच्या टोकात जाऊ नये आणि होडी तरंगत राहावी, एवढंच त्या भिंतीचं काम. टेकू बाहेरून दिसत नाहीत. भिंतही दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचं लोक काय करतात, ते मोठे झालात की कळेल.

होड्या केल्या सुतारपक्ष्यानं. ठरला होता साग, आला पांगारा. पांगारा म्हणजे फुंकर मारली तर उडेल असलं हलकं लाकूड. भिंती त्यानं बाभळीच्या डिंकानं चिकटवल्या. वरून मात्र लाल रंगाचे असे झकास हात मारले, की सिंहमहाराज खूश झाले.

तपासणीला आले बगळेराव. मोठे तपस्वी, जन्मभर एका पायावर उभे. त्यांनी होडी वाळूवर ठेवायला सांगितली, आत उतरले आणि उजवा टेकू उजव्या पायानं हळूच दाबून पाहिला. डावा पाय त्यांनी सवयीप्रमाणे पोटाशीच धरला होता. डावा टेकू कुणी पाहायचा, असं तानीनं भीत भीत विचारलं. बगळेराव म्हणाले, जुळ्यांपैकी एक पाहिला की दुसरा पाहिल्यासारखाच. मग त्यांनी चोचीनं भिंतीवर टकटक केलं. आवाज गोड आला.

"रावसाहेब, पाण्यात घालून बघायची का एकदा?" तानी म्हणाली.

"आणि बुडाली, तर शिक्का कशावर मारू?"

सगळे हसले. तानीही हसली बिचारी. शिक्का बसला.

आणि गंमत अशी, की होडी चालली! खाडी शांत असायची, आत थेंबभर पाणी येत नसे, डिंक आपला ठणठणीत. टेकूंवर जोर द्यायची वेळच येत नव्हती. तानी तर चारचौघींत होडीचं कौतुक सांगायला लागली. आपलीच अक्कल थोडी, असं तिनं मनाशी कबूल करून टाकलं.

मग एके दुपारी उधाण आलं. असं, की बेटावरच्या बिळांत पाणी शिरणार हे अलीकडूनही दिसत होतं. पिल्लं एवढीएवढीशी, डोळे नुकते उघडलेले. कासव म्हणालं, बस पाठीवर, नेतो. पण कासव पोहोचेपर्यंत उधाण थोडंच थांबणार? तानी होडीत बसली आणि मागचे पाय रोवून वल्हं मारायला लागली. सशिणीचे मागचे पाय, बाळांनो. जगात तिच्याकडे दुसरं होतंच काय?

खाडीच्या मध्यावर डावा टेकू काडकन मोडला. पायाला आधार नाही म्हटल्यावर वल्ह्यात दम राहिला नाही. होडी आडवी झाली आणि लाट आत आली. डिंकाला पाणी लागलं आणि डिंकानं डिंकासारखंच केलं. भिंत सुटली, पुढचं टोक भरलं, होडी नाक खाली करून गेली. सुटलेली फळी तेवढी वर आली. तानीनं तिला मिठी मारली आणि पाय झाडत, खारं पाणी गिळत बेट गाठलं. बिळात पाणी आलंच होतं. एकेका पिल्लाला तोंडात धरून तिनं उंच खडकावर नेलं. सगळी वाचली. मग ती तिथंच बसून हमसून हमसून रडली.

उधाण ओसरल्यावर कासव पोहोचलं आणि आईला पिल्लांसकट पाठीवर घेऊन आलं. बिनपरवाना प्रवासी वाहतुकीबद्दल दरबारानं आधी कासवालाच बंदी घातली. मग चौकशी सुरू झाली.

"टेकूवर जोर किती लावलास?" बगळेरावांनी विचारलं.

"होता नव्हता तेवढा."

"टेकू पाय टेकायला असतो. जोर लावायला नव्हे. बरं, वाचलीस कशामुळे?"

"भिंतीच्या फळीमुळे."

"ऐकलंत महाराज? आमच्या भिंतीनं हिचा जीव वाचवला."

दरबारात टाळ्या पडल्या. सुतारपक्ष्याला शाल-श्रीफळ मिळालं. यापुढे सर्व भिंती पातळ डिंकानं बसवाव्यात, म्हणजे वेळेला चटकन सुटतील, असा हुकूम निघाला. महाराजांनी तानीला मायेनं विचारलं, की पोरं पलीकडे ठेवायची अवदसा तुला आठवली तरी कशी? तानीनं पहिल्या रांगेत बसलेल्या बिबट्याकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता.

जाताना तिनं बगळेरावांना एवढंच विचारलं, "तुम्ही या होडीतून कधी बेटावर गेलात का हो?"

"मी?" बगळेराव म्हणाले. "अगं, मला पंख आहेत." आणि ते पुढच्या तपासणीला उडून गेले.

किनाऱ्यावर नवी होडी उभी होती. लाल, चकचकीत, शिक्का अजून ओला. पिल्लं भुकेनं कुंईकुंई करत होती आणि बिबट्या दरबारातून उठला होता. तानीनं पिल्लांना कुशीत घेतलं, होडीत बसली आणि टेकूंवर पाय ठेवले. अगदी हळू.

तात्पर्य : होडीची तपासणी नेहमी पंख असलेल्याकडूनच करून घ्यावी. होडी बुडाली तरी निदान एक जीव हमखास वाचतो.