विलासभाऊंचा पहिलावहिला क्लेम

चकलीचा विमा उतरवणारा माणूस पाहिलाय कधी? मी पाहिलाय. मुलुंडला आमच्या समोरच्याच दारात राहतात. विलास राणे. पंचावन्नच्या आसपास वय, लग्न केलं नाही, औषधांच्या कंपनीत स्टोअर सांभाळतात.

मागच्या दिवाळीत दुबईच्या लेकीला फराळ पाठवायचा होता. विलासभाऊ कुरिअरच्या ऑफिसात सोबत आले आणि काउंटरवर म्हणाले, "विमा?"

"अहो, चकलीचा कसला विमा?"

"मोडली तर? अख्खी निघाली होती याला पुरावा काय?" असं म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला. माझ्या चकल्यांचा फोटो, शेजारी फूटपट्टी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही खोड त्यांना लागली ती कार्डांपायी. लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची कार्डं मिळायची ना, ती त्यांनी आणि धाकट्या भावाने, नितीनने, मिळून जमवलेली. नितीन आता न्यूझीलंडला. आई होती तोवर दर रविवारी त्याचा फोन यायचा. आई गेली आणि फोन बंद. आता यांनी मोबाइलवर काहीही लिहिलं की तिकडून नुसता अंगठा. "ताप आलाय" लिहिलं, तरी अंगठा! असा राग यायचा मला त्या माणसाचा.

तर यांनी कार्डांची वाटणी केली आणि नितीनच्या वाट्याची पाठवायला काढली. महिन्याला एक.

"अहो, सगळी एकदम पाठवा की!"

"आणि सगळी एकदम गहाळ झाली तर, वहिनी?"

कार्ड आधी प्लास्टिकच्या पाकिटात, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये, वरून फोम. निघण्याआधी त्या दिवसाच्या पेपरसोबत त्याचा फोटो, ओलीस ठेवलेल्या माणसाचा काढतात तसा.

काउंटरवरची मुलगी विचारायची, "वस्तूची किंमत?"

"अमूल्य."

"काका, अमूल्यचा विमा होत नाही. आकडा टाका."

मग आकड्यावर विचार सुरू, आणि मागे रांगेतली माणसं कावलेली. एकदा मी सांभाळायला म्हणून पावतीची झेरॉक्स दिली, तर केवढे भडकले! "झेरॉक्सला कुत्रं विचारत नाही, वहिनी. ओरिजिनल जपायचं!"

अकरावं कार्ड, विकेटकीपरचं, वाटेत खरंच हरवलं. मला वाटलं, आता हे अंथरूण धरतात. कसलं काय! गडी खूश. "बघितलंत? म्हणून विमा लागतो!" आयुष्यातला पहिला क्लेम! फॉर्म आणला. त्यासोबत एक कागद हवा होता: पाकीट मिळालं नाही, असं घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून पाठवायचं. नितीनला कळवलं. अंगठा आला.

मग रोज संध्याकाळी कामावरून आले की आधी लेटरबॉक्स. दोन महिने. "पत्र आलं नाही तर क्लेम बुडाला," म्हणायचे, आणि तोंड एवढंसं व्हायचं. मी मनातल्या मनात नितीनला काय काय बोलले, ते इथे लिहिता येणार नाही.

शेवटी पत्र आलं. मुदत संपायला आठवडा होता. मी रोज विचारायचे, "दिलंत का?" रोज उत्तर, "देतो, देतो." शेवटच्या दिवशी माझं डोकं फिरलं. सरळ त्यांच्या घरात शिरले. "फाईल घ्या आणि चला!"

"झेरॉक्स देऊन पाहिली, वहिनी. चालत नाही म्हणाले. ओरिजिनल दिलं की परत मिळत नाही."

"मग द्या की ओरिजिनल! दोन महिने वाट कशाची बघत होतात?"

त्यांनी कार्डांचा अल्बम माझ्यापुढे धरला. विकेटकीपरच्या रिकाम्या जागी, प्लास्टिकच्या पाकिटात, घडी घातलेलं ते पत्र. त्यांनीच काढून माझ्या हातात दिलं. वर दोन ओळी, पाकीट मिळालं नाही म्हणून, आणि सही. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"दादा, घरचा नंबर लावला की वाटतं, आईच उचलेल. म्हणून लावत नाही. तू वेळेवर जेवतोस ना?"

इतके दिवस त्या पोराला किती शिव्या घातल्या मी!

विलासभाऊंनी पत्र होतं तसं घडी घालून परत पाकिटात सरकवलं. टेबलावर क्लेमचा फॉर्म पडला होता. सगळा भरलेला, एक रकाना सोडून.

"नुकसान किती झालं, असं विचारलंय," ते म्हणाले. "काय लिहू, वहिनी?"