सेलेस्तिनोबुवांचं पान

आमच्या आखाडा बाळापुरात दर सर्वपित्री अमावास्येला मेक्सिको देशातल्या एका गवयाचं श्राद्ध होत असे. एक-दोनदा नाही, चांगली नऊ वर्षं झालं.

घालणारे अंबादासकाका माझे शेजारी. भिक्षुकी पिढीजात. मोपेडला पंचांग आणि सोवळ्याची पिशवी बांधून ते आसपासची दहा-पंधरा गावं फिरत. बोलण्यात एकच पालुपद, "शास्त्रात सोय आहे." आंब्याची पानं मिळाली नाहीत? सोय आहे. नवरदेव जीपमधून उतरताना पडला आणि सप्तपदीला पाय उचलेना? काकांनी त्याला दोन मामांच्या खांद्यावरून सात पावलं नेलं. सोय होती.

गवयाची आणि त्यांची गाठ वारंगा फाट्यावर पडली. काका कॅसेटच्या टपरीवर दत्ताची भजनं मागायला गेले होते. टपरीवाल्याकडे ती नव्हती. पण गिऱ्हाईक रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं, म्हणून त्यानं तळातली एक कॅसेट काढून पुसून दिली. वर परातीएवढी टोपी घातलेला, डोळे मिटून छातीवर हात ठेवलेला माणूस.

"कोन बुवा हायेत हे?"

"लांबचे हायेत, महाराज. पन गळा पहा."

"डोळे मिटून गाणारा मानूस खोटं गात न्हाई," हे मला काकांनी नंतर सांगितलं. त्या सिद्धांतावर त्यांनी कॅसेट घरी आणली, उदबत्ती लावली आणि हात जोडून पहिली बाजू पूर्ण ऐकली. गिटार वाजत होती आणि कुठल्याशा भाषेत तो माणूस गळा काढून राहिला होता. सुमनकाकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या, दोन मिनिटं दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे भजन न्हाई हो. ह्याची बायको रुसून माहेरी गेली."

निदान अचूक होतं. कॅसेटच्या कव्हरात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत त्याचं चरित्र छापलेलं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून ते वाचायला मला बोलावणं आलं. नाव सेलेस्तिनो. बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. पोरगं पावाच्या भट्टीवर कामाला होतं, तिथं कणीक मळता मळता गायचं. रेडिओवाल्यांनी ऐकलं आणि नशीब उघडलं. बोलेरो म्हणून तिकडं विरहाची संथ गाणी असतात, त्यातला हा राजा. मधे आवाज गेला, दोन वर्षांनी परत आला. लग्नं तीन. मूल नाही.

"तीन?" काका म्हणाले.

"तरीच एवढा रडून राहिला," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून ते सेलेस्तिनोबुवा झाले. दुपारी जेवणं झाली की एक बाजू, काकू तांदूळ निवडायला बसल्या की दुसरी. फीत अडकली की काकू पेन्सिल खुपसून ती गुंडाळत आणि तेवढ्या वेळात बुवांच्या तिन्ही बायकांवर टीका करत. एरवी कमी बोलणारी बाई, पण बुवांच्या संसाराबद्दल तिला भारी मतं होती. पुढं बोलेरो याच नावाची जीप आमच्याकडं आली, तेव्हा तालुक्यातल्या पहिल्या गाडीची पूजा काकांनी दक्षिणा न घेता केली.

कॅसेट आली त्याच्या तिसऱ्या वर्षी सुमनकाकू चार दिवसांच्या तापानं गेल्या. त्यांनाही मूलबाळ नव्हतं. काका लोकांसमोर रडले नाहीत. स्वतःच्या बायकोचं सगळं शास्त्रशुद्ध केलं आणि दुपारची कॅसेट चालूच ठेवली. लोक म्हणाले, भटजी दगडाचा आहे. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

भाद्रपद लागला तसे काका कव्हर घेऊन माझ्याकडं आले. "सर, हे बुवा हायेत का गेले?"

फोटोखाली दोन सालं छापलेली होती, मधे आडवी रेघ. मी विद्वानाच्या थाटात सांगितलं, "गेले."

काकांनी कव्हर परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "लेकरू न्हाई त्याला. पानी कोन देनार?"

मी हसलो. काका हसले नाहीत. तिथी माहीत नाही, तर सर्वपित्री अमावास्या. गोत्र माहीत नाही, तर कश्यप. सोय होती. बुवांना काय आवडायचं, एवढाच प्रश्न उरला. तिकडं मका आणि मिरची खातात, असं मी भूगोलाच्या पुस्तकातून सांगितलं. "म्हंजे आपल्यातलेच की," म्हणून काकांनी मक्याची भाकरी आणि ठेचा ठरवला.

माळवदावर दोन पानं मांडली जात. एक बुवांचं, एक काकूंचं. खरं तर काकूंचं श्राद्ध अविधवा नवमीला झालेलं असे. "पुन्हा काहून?" म्हणून भावकीनं विचारलंही. एरवी शास्त्राची वही उघडणारे काका नुसतं "असू द्या" म्हणाले.

काकूंच्या पानाला कावळा लगेच शिवायचा. बुवांच्या भाकरीकडं मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. काका हात जोडून नवस बोलायचे. "बुवा, धाकट्या बायकोची फिकीर करू नका. आवाज परत आला, आता कशात जीव अडकला?" एकदा कावळ्यांना खूण पटावी म्हणून टेप माळवदावर लावला, तर काकूंच्या पानावरचा कावळाही उडाला. मी खाली पोट धरून हसत होतो. शेवटी दरवर्षी काका दर्भाचा कावळा करून पानाला लावत. त्याचीही सोय असतेच.

नवव्या वर्षी पितृपक्ष संपल्यावर माझी पुतणी नांदेडहून आली. तिला मी गंमत म्हणून हे सांगितलं होतं. तिनं इंटरनेटवरून एक पान छापून आणलं. बुवा जिवंत होते. पिकल्या मिशा, तीच टोपी, मागच्याच महिन्यात भर मैदानात गायलेले. ती दोन सालं जन्म-मृत्यूची नव्हतीच. तेवढ्या वर्षांतली गाणी निवडून ती कॅसेट काढली होती. एका धडधाकट माणसाला मी एका रेघेवरून मारलं होतं आणि एका शास्त्र्याच्या हातून नऊ वर्षं त्याला पाणी पाजलं होतं. कावळे मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

दोन दिवस मी काकांना टाळलं. तिसऱ्या दिवशी कागद पुढं ठेवला आणि माझी चूक कबूल केली. आता प्रायश्चित्त, उपास, माझ्याशी अबोला, काय काय होणार म्हणून मी खाली बघत राहिलो.

काकांनी फोटो चष्म्याजवळ नेला. "तब्येत बराबर दिसते," ते म्हणाले. "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, सर. नऊ वर्षं वाढलं त्याचं. चांगलंच झालं."

मी उठायला लागलो. पण काका कागद खाली ठेवेनात.

"सुमनला एकटीनं करमत नसे," ते म्हणाले. "मी गावं फिरून राहायचो, ती दिवसभर घरात. बुवा आले आन् ती बोलायला लागली. मला वाटायचं, तिकडं बुवा हायेत. वळखीचं मानूस हाय, दोन गानी म्हणत असतील, ही त्यांच्या बायकांवरून बोलत असंल. म्हनून दोन पानं शेजारी मांडायचो." त्यांनी कागदाची घडी घातली. "नऊ वर्षं एकटीच होती म्हना की ती."

त्या नऊ वर्षांत मी किती हसलो होतो, ते मला आठवलं. लाज वाटली.

"सर, बुवांना कागद लिहिता? इंग्रजीतून."

मी वही घेतली. काका सांगत गेले, मी लिहीत गेलो. तुमचं गाणं आमच्या घरी दोघांनी ऐकलं. थंडीत गळ्याला जपा. शंभर वर्षं जगा. पुढं कधीतरी तिकडं जाल, तेव्हा आखाडा बाळापूरच्या सुमनबाईंची चौकशी करा, त्या तुम्हाला वळखतील. घाई नाही.

लिहून झाल्यावर मी मजकूर मराठीत वाचून दाखवला. 'घाई नाही' या शब्दांखाली काकांनी माझ्याकडून दोन रेघा मारून घेतल्या.