बिनमुळाचा सेहरा

थोरल्या लेकीच्या, शबनमच्या निकाहाला जावयाचा सेहरा आपल्याच हातचा असला पाहिजे, ही लालमियाँची जिद्द. जुन्या जालन्यात त्याच्या मोगऱ्याच्या सेहऱ्यांचं नाव होतं. पण नदीकाठच्या झुडपावर त्याला ते दिसलं आणि तो सायकल धरून उभाच राहिला. सोन्याच्या तारा! ना मूळ, ना पान, नुसता जरतार. "या अल्ला, काय तुझी कारागिरी!" म्हणत त्याने पिशवीभर ओढून आणल्या आणि सेहऱ्यात मोगऱ्याबरोबर गुंफल्या.

निकाहात नवरदेव मुझफ्फर असा झळकला की नवरीकडे बघायची कुणाला शुद्ध राहिली नाही. नंतर सेहरा पायदळी येऊ नये म्हणून लालमियाँने तो अंगणातल्या मोगऱ्यावर ठेवला. याच मोगऱ्यावर त्याचं दुकान चालायचं.

आठवड्यात सेहऱ्यातली फुलं सुकली, तारा मात्र दोन फांद्या चढून गेल्या.

"जित्ता सेहरा हाय हो!" शेजारच्या कांताबाईंनी हात जोडले. "एक तार द्या. आमच्या सूरजचं लगीन जमून न्हाई राह्यलं."

लालमियाँने दिली. मग काय, सगळी गल्ली लोटली. कुणी तार मेंदीवर टाकली, कुणी जाईवर.

पावसाच्या तोंडाला मोगरा पिवळा पडला. कृषी महाविद्यालयातून सुट्टीला आलेल्या धाकट्या नाजियाने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अब्बा, ही अमरवेल हाय! झाडाचं रक्त पिते."

तिने लगेच कृषी कार्यालयाला फोटो पाठवला. उत्तर आलं, "ही जात इकडे नवी दिसते. लवकर कळवलंत, बरं झालं. शेतात गेली तर आवरणार नाही. फांद्यांसकट तोडून आजच जाळा."

पण शुभाचा सेहरा जाळणार कोण?

"बिलकुल न्हाई!" कांताबाई कडाडल्या. "कालच सूरजला पाहुणे बघून गेले."

मोगरा डोळ्यांदेखत मरत होता. लालमियाँचा धीर सुटला. अंगणाच्या दारात उभा राहून तो ओरडला, "अहो, याला मूळ न्हाई, पान न्हाई, सोताची कमाई न्हाई! दुसऱ्याच्या जिवावर पडून राह्यचं अन् त्यालाच वाळवायचं! वरून रूप असं, की बघतच राहावं!"

कांताबाई त्याच्या खांद्यावरून आत बघत होत्या. लालमियाँ वळला. लग्नानंतर चार दिवसांसाठी आलेला आणि दोन महिने मुक्काम ठोकलेला मुझफ्फर इस्त्रीच्या कुर्त्यात बाजेवर बसून तिसरा चहा घेत होता.

मुझफ्फरने कप खाली ठेवला, विळा उचलला आणि पहिली फांदी तोडली. ते बघून कांताबाईही आपली जाईची फांदी घेऊन आल्या. संध्याकाळी जाळात सोनेरी तारा चटचटल्या. एवढं होऊनही लालमियाँची नजर त्यांच्यावरून हटेना.

सकाळी बाज रिकामी होती. खुंटीवर दुकानाची किल्लीही नव्हती. लालमियाँ धावत चौकात गेला. दुकान उघडं, फळी पुसलेली आणि जावई मान खाली घालून गजरे ओवत बसलेला. नदीकाठी उभा राहिला होता तसाच लालमियाँ उभा राहिला.

घरी येऊन तो हळूच म्हणाला, "नाजिया, जल्दी हापिसात कळव. बिनमुळाच्याला मूळ फुटलं."