पंचविसावा हात

कृष्णाबाईला बारा बायका हव्या होत्या आणि फोटोत अकराच होत्या.

"ही सुगंधा खंय गेली?" फोटो खिडकीच्या उजेडात धरून तिने विचारलं.

"रेडीक गेली हा, भावाकडे," योगिनी म्हणाली. "फोटो काढतेवेळी तूच सांगलंस, काकी."

"तां माका म्हायत आसा. पण संस्थेत बायलो बारा. सोमवारी सायेब इलो नि इचारल्यान, बारावी खंय, तर काय सांगू? तू ता कंप्युटराचा शिकतस मां? घाल तिका."

कृष्णाबाई ही योगिनीची सख्खी काकी आणि आचऱ्यातल्या मासे विकणाऱ्या बायकांच्या संस्थेची अध्यक्ष. आजवर या बायका रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसायच्या. आता त्यांच्यासाठी पत्र्याची शेड आणि सिमेंटचे ओटे झाले होते. सोमवारी दहा वाजता मत्स्य खात्याचे साहेब उद्घाटनाला येणार होते, आणि त्यासाठी दहा फूट लांब, सहा फूट उंच बॅनर लागणार होता. दोन हजार सहा साल होतं. कुडाळला फ्लेक्स छापायचं मशीन नुकतंच आलं होतं, त्यामुळे ज्याला त्याला स्वतःचा चेहरा दहा फुटी बघायची घाई झाली होती.

योगिनी रोज सकाळी आठच्या एसटीने मालवणला ग्राफिक डिझाइनच्या क्लासला जायची. वर्षाचा कोर्स होता. पहिले दोन महिने कौस्तुभ सरांनी कुणाला संगणकाला हातच लावू दिला नव्हता. नुसती अक्षरं काढून घेतली. "अक्षर वाचण्याआधी दिसतं," असं ते म्हणायचे. त्याचा परिणाम असा झाला की योगिनीला साधं बाजारातून चालणं कठीण झालं. मटणाच्या दुकानावर लग्नपत्रिकेची नाजूक वेलबुट्टीची अक्षरं आणि लग्नाच्या हॉलवर सिमेंटच्या जाहिरातीतली जाडजूड, हे बघून तिचं डोकं दुखायचं. आई म्हणायची, चेडवाक चष्मो लागलो वाटता.

आता कोर्स संपत आला होता. शेवटचं काम म्हणून प्रत्येकाने एका खऱ्या गिऱ्हाइकासाठी लोगो, अक्षरं आणि फोटो असं तिन्ही करून दाखवायचं होतं. ते पास झालं तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट मिळालं तर सावंतवाडीच्या एका छापखान्यात सरांच्या ओळखीने नोकरी. योगिनीने काकीची संस्था हे गिऱ्हाईक धरलं. घरचं गिऱ्हाईक सोपं जाईल असं तिला वाटलं होतं.

लोगोपासूनच सुरुवात झाली. तिने तीन रेषांत एक सुरमई काढली. सरांनी पाठ थोपटली होती. कृष्णाबाईने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाली, "डोळो खंय?"

"लोगोत सगळा दाखवचा नसता, काकी. लोकांनी आपणहून समजून घेवचा."

"लोक मासो घेतेवेळी पयलो डोळो बघतत. डोळो नसलेलो मासो कोण घेतलो? शिळो म्हणान सोडून जातले."

योगिनीने कुरकुरत डोळा काढला. सरांना दाखवला तर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं तुला?" त्या दिवसापासून काकीच्या सांगण्याला नाही म्हणायचा तिचा धीर गेला. म्हणूनच बारावी बाई घालायलाही ती तयार झाली.

सुगंधाच्या सासूकडून कृष्णाबाई एक फोटो मागून घेऊन आली. चार वर्षांपूर्वी रेडीला सुगंधाच्या भाचीचं लग्न झालं, त्यातला. तीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत बायका, मागे फेटे बांधलेले पाहुणे, आणि फेट्यांच्या आड कुणाकुणाची नुसती कपाळं. सुगंधा मधोमध, हातात ओटीचं ताट धरून उभी.

शुक्रवारी क्लासमध्ये योगिनीने फोटो स्कॅन केला आणि सुगंधाला कापायला बसली. दुपारी तीनला वीज जाणार हे ठरलेलं होतं. तिने चेहऱ्यावर तासभर घालवला. केसांची बट न् बट सोडवली, उन्हाचा रंग बाकीच्या अकरा जणींशी जुळवला, ताटाच्या जागी माशांची पाटी बसवली. खांद्याशी आली तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. डाव्या खांद्यावर पिवळसर काहीतरी होतं. पदराचा जरीकाठ असेल, असं म्हणून तिने ते राहू दिलं.

"छापायला देण्याआधी पूर्ण मोठं करून बघ," सर बाहेर जाता जाता म्हणाले.

तिने मोठं करून बघितलं, पण अक्षरं. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक उकार तपासला. संस्थेचं नाव तिने स्वतः काढलेल्या अक्षरांत होतं. ते इतकं सुंदर दिसत होतं की तिने ते दोनदा बघितलं. मग सीडी भरली, कुडाळच्या बसमध्ये कंडक्टरकडे दिली आणि लग्नाचा फोटो सरांच्या खणात ठेवून घरी आली.

शनिवारी छापलेला बॅनर रविवारी दुपारी एसटीने आला आणि चार वाजता शेडवर चढला. बायका रस्त्यापलीकडे उभ्या राहून बघू लागल्या. सगळ्यांनी आधी स्वतःला शोधलं, मग शेजारणीला. "सुगंधा बघ गो, जशी काय हयसरच उबी आसा," असं कौतुक झालं. योगिनी मागे उभी राहून नुसती अक्षरांकडे बघत होती.

काशीबाईला मात्र मोजायची सवय. चाळीस वर्षं बांगडे मोजण्यात गेलेली. तिने बारा डोकी मोजली, बारा पाट्या मोजल्या आणि मग सहज हातही मोजले.

"बायलो बारा," ती म्हणाली. "मगे हात पंचवीस कशे?"

पंचविसावा हात सुगंधाच्या डाव्या खांद्यावर होता. कुडाळच्या मशीनने तो चांगला फूटभर करून दिला होता. पुरुषाचा, केसाळ, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. त्याला माणूस नव्हता. मागे नुसता समुद्र होता, आणि तो हात थेट समुद्रातून येऊन सुगंधाच्या खांद्यावर विसावला होता.

"ह्यो हरिश्चंद्राचो न्हय," काशीबाई सावकाश म्हणाली. हरिश्चंद्र म्हणजे सुगंधाचा नवरा. "तेणा जल्मात घड्याळ घातल्यान नाय."

यापुढे कुणी मोठ्याने काही बोललं नाही आणि तिथेच घात झाला. मोठ्याने बोललेलं बाजारातच राहिलं असतं. हळू बोललेलं पाच वाजेपर्यंत जेटीवर आणि सहापर्यंत देवळात पोचलं. गावात सोनेरी पट्ट्याची घड्याळं कुणाकुणाकडे आहेत याची उजळणी झाली. तीन निघाली. संध्याकाळपर्यंत तिन्ही मनगटं मोकळी झाली होती. त्यातला बर्फाच्या कारखान्यातला सत्यवान तर डावा हात खिशात घालून एका हाताने लाद्या ओढताना लोकांनी बघितला.

योगिनीने कुडाळला फोन लावला. रविवार, दुकान बंद. मूळ फोटो बघावा तर तो सरांच्या खणात आणि क्लासला कुलूप. "काकी, आपण बॅनर काढया," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आणि सायबाक काय दाखवू? पत्रो? कायतरी चिकटव तेच्यार."

फ्लेक्सवाल्याने दारावर लावायला म्हणून लोगोची वेगळी छापलेली सुरमई पाठवली होती. योगिनी शिडीवर चढली आणि ती सुरमई तिने हातावर चिकटवली. हात झाकला गेला. मनगट नाही. खाली उतरून बघितलं तेव्हा घड्याळ घातलेली सुरमई सुगंधाच्या खांद्यावर चढून तिच्या कानाकडे एका डोळ्याने बघत होती.

"आता बरा दिसता," कृष्णाबाई म्हणाली, पण तिने दुसऱ्यांदा वर बघितलं नाही.

सोमवारी सकाळी आठला हरिश्चंद्राचा ट्रॉलर तीन दिवसांनी किनाऱ्याला लागला. दोर बांधायच्या आत त्याला बातमी कळली. तो तसाच, ओल्या पायांनी, शेडकडे आला. शिडी तिथेच होती. चार पायऱ्या चढून त्याने सुरमई ओढून काढली आणि हाताकडे बघत राहिला. मग मान वळवून योगिनीला म्हणाला, "ह्यो हात कोणाचो?"

"काका, तो कंप्युटरात चुकान रवलो."

"कंप्युटराक हात असतत?"

"नाय, म्हणजे फोटोत होतो..."

"फोटोत होतो! म्हणजे खरोच आसा!"

तो शिडीवरून उतरला आणि बर्फाच्या कारखान्याकडे चालू लागला. त्याच्यामागे कृष्णाबाई, तिच्यामागे योगिनी, आणि त्यांच्यामागे आणखी पंधरावीस माणसं, ज्यांना त्या वेळी बर्फाचं काही काम नव्हतं.

"हात भायर काढ," हरिश्चंद्र म्हणाला.

सत्यवानाने हात खिशातून काढला. मनगट मोकळं होतं, पण उन्हाने रापलेल्या हातावर पट्ट्याएवढी पांढरीफटक जागा उठून दिसत होती. घड्याळ घातलं असतं तर बरं, असं सत्यवानाला तेव्हा वाटलं असावं.

"ऐक रे," तो म्हणाला. "काल मी बघून इलंय. घड्याळ माझा आसा. हात माझो न्हय."

"घड्याळ तुझा नि हात दुसऱ्याचो? हात काय भाड्यान दितस?"

"हात नाय, घड्याळ दितंय! अर्ध्या गावाच्या लग्नाक माझा घड्याळ गेला हा. कोणाक सासुरवाडीक जावचा असला काय येतत माझ्याकडे. तूच आठव, चार वर्सां झाली..."

पण हरिश्चंद्राने तोवर त्याची कॉलर धरली होती, त्यामुळे पुढचं वाक्य सत्यवानाच्या गळ्यातच राहिलं. इतक्यात मालवणकडून येणारी एसटी कारखान्याच्या दारात थांबली आणि हातात कोकमांची पिशवी घेऊन सुगंधा उतरली. गाडीच्या खिडकीतून तिने शेडवर स्वतःला बघितलं होतं. काशीबाईने पुढे होऊन तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

सुगंधा गर्दीतून आत आली. नवऱ्याच्या मुठीतली कॉलर तिने बघितली.

"सोडा तेका," ती म्हणाली. "ह्यो हात तुमचो."

"माझो?"

"मगे कोणाचो? माझ्या भाचयेच्या लग्नाक सत्यवानाचा घड्याळ मागून नेलास. फोटोच्या वक्ताक तुमचा तोंड त्या फेटेवाल्या मामाच्या मागे गेला, हात तेवढो फुडे इलो. वीस वर्सां झाली आपल्या लग्नाक. तितक्यात एकदाच ठेवलास खांद्यार, तो पण तुमका वळखूक येना?"

हरिश्चंद्राने कॉलर सोडली. त्याने स्वतःचा डावा हात समोर धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. स्वतःचा हात असा लांबून त्याने कधी बघितलाच नव्हता. सत्यवानाने कॉलर सारखी केली आणि गिऱ्हाईक नसताना एक लादी फोडायला घेतली.

दहाला साहेब आले. सुरमई परत चिकटवायला वेळच मिळाला नव्हता. नारळ फुटला, फीत कापली, आणि साहेब बॅनरकडे बघत थांबले.

"वा, अक्षरं फार सुरेख आहेत," ते म्हणाले, तेव्हा योगिनीच्या जिवात जीव आला. "पण हा हात कुणाचा?"

कृष्णाबाईने पदर सावरला आणि ती साहेबांशी बोलायची भाषा बोलू लागली. "साहेब, तो हिच्या मालकांचा आहे. दर्यावर असतात ना, त्यामुळे अख्खे येऊ शकले नाहीत. बाकीच्या बायकांच्या मालकांचं तर तेवढंसुद्धा आलं नाही."

साहेबांनी मान डोलावली. भाषणात त्यांनी या हाताचा दोनदा उल्लेख केला. महिलांच्या पाठीशी घरातल्या पुरुषांनी असंच उभं राहायला हवं, असं ते म्हणाले, आणि लोकांनी वळून हरिश्चंद्राकडे बघितलं. तो तेव्हा कुठेतरी दोर गुंडाळायला गेला होता.

कौस्तुभ सर मात्र साहेब नव्हते. त्यांनी लोगो पास केला, अक्षरांना वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले आणि फोटोवर लाल पेनने गोल काढला. "शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आण, नाहीतर सर्टिफिकेट नाही."

योगिनीने या वेळी पूर्ण मोठं करून बघितलं. दोन दिवस बसून एकेक बोट पुसलं, त्याखालचा पदर पुन्हा विणावा तसा भरून काढला. खांदा इतका साफ झाला की सरांनाही हात कुठे होता ते सापडेना. ती पास झाली. नवा बॅनर छापून आला आणि शुक्रवारी संध्याकाळी शेडवर लागला. बायकांनी हात मोजले. चोवीस भरले. सुगंधाने एकदा वर बघितलं आणि ती बांगडे मांडायला लागली.

शनिवारी सकाळी योगिनी अंगणात बसली होती, तेव्हा हरिश्चंद्र आला. बसायला सांगितलं तरी बसला नाही. त्याने आधी वाऱ्याबद्दल विचारलं, मग सावंतवाडीच्या नोकरीबद्दल, मग तिकडे जाणाऱ्या गाडीच्या वेळेबद्दल. योगिनीने सगळ्याची उत्तरं दिली.

"तो हात," शेवटी तो म्हणाला. "गेलो काय?"

"होय, काका. पूर्ण पुसलंय. आता फोटो येकदम येवस्थित झालो."

"येवस्थित झालो," तो म्हणाला. पायाने अंगणातला एक खडा त्याने इकडून तिकडे केला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून जरा जवळ आला.

"परत घालूक येता?"

"येता," ती म्हणाली.

"मगे घाल," हरिश्चंद्र म्हणाला आणि वळला. दोन पावलं जाऊन तो पुन्हा थांबला. "पण घड्याळ तेवढा काढ. ता सत्यवानाचा."