टाकीऐवजी आणलेला आवाज

शहादेवला आपल्या कानांचा इतका गर्व होता, की ते हार घालून दूध सोसायटीच्या भिंतीवर टांगायचेच काय ते बाकी होते! सोसायटीत दुधाचा कॅन नुसता हलवायचा आणि डोळे मिटून सांगायचं, "ह्याच्यात पाणी हाय." त्या दिवशी परळीला निघतानाही तो बायकोला ऐटीत म्हणाला, "टाकी बोटानं वाजवून घेतो. भेग असली तर आवाजावरूनच कळंल मला!"

गीता हरखली. टँकर मनाला येईल तेव्हा येणार, विहिरीत पाणी ओतून जाणार, आणि साठवायला घरात दोनच घागरी. त्याही आज कोरड्या. तिने साऱ्या गल्लीला सांगून टाकलं, "आज आमच्यात टाकी येणार!"

दुपारी शहादेव टेम्पोतून उतरला. पोत्यात गुंडाळलेले दोन मोठे नग लेकरासारखे जपत त्याने घरात नेले. दार लावलं. पोती काढली.

आत स्पीकर! कमरेएवढे, काळेभोर, दोन!

"टाकी कुठाय?" गीताने विचारलं. आवाज अगदी बारीक. शहादेवने तेव्हाच पळायला हवं होतं.

"टाक्या समद्या भसाड्या वाजत होत्या बघ. शेजारच्या दुकानात हे दिसले. आगं, काय बास! काय ट्रेबल! बास कसा पोटात लागला पायजे—"

"पोटात काय लागायचं ते मी लावते आता!"

गीता रिकाम्या तव्यासारखी तापली होती. त्यात झोळीतला तान्हा म्हाळू उकाड्याने सकाळपासून किंचाळत होता. झोळीची दोरी ओढून तिचा हात भरून आला होता आणि हा माणूस वायरी जोडत बसला होता!

"गाण्यावर स्पीकरची पारख होत न्हाई," शहादेव मोबाईल चाचपत म्हणाला. "गाणं कसलाबी डबा गोड वाजवतो. पाण्याचा आवाज लावायचा! पाण्यात लबाडी चालत न्हाई. मागल्या बारीला टँकर विहिरीत ओतत होता तवा भरून घेतलाय मी."

आणि त्याने तो लावला. फुल्ल!

धोऽऽ धोऽऽ धोऽऽ! भांडी थरथरली. पत्रे थरथरले. पाणी जणू छपरावरूनच कोसळायला लागलं. म्हाळू मधेच किंचाळायचा थांबला, पण गीताचं तिकडं लक्ष कुठलं!

"घरात घोटभर पाणी न्हाई," ती ओरडली, "आन तुमी पाण्याचा आवाज आणलाय?"

"डोळे मीट आन ऐक की! थेंबन्‌थेंब सुटा हाय!"

थेंबन्‌थेंब गल्लीलाही ऐकू गेला होता. दार धाडकन उघडलं. पुढे शेजारच्या भिवराकाकू, मागे कळशा-घागरींची पलटण!

"तरीच म्हणलं, दार कावून लावलंय!" भिवराकाकू कडाडल्या. "टँकर परस्पर घरात घेतला का रे, शहादेवा? सोसायटीचा मानूस म्हणून?"

"काकू, न्हाई हो! टाकीच न्हाई आमच्यात!"

"सकाळी तुझीच बायकू सांगत हिंडत होती! आन टेम्पोतून काय उतरलं मग? कान फुटलेत का आमचे?"

बायका घरभर शिरल्या. कुणी न्हाणीत वाकून बघितलं, कुणी कणगीत हात घातला. जानकीने तर स्पीकरच्या जाळीला बोट लावून ते ओलं झालं का ते पाहिलं! गीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात कुणाच्या घरात टँकर रिता झाला, की सगळ्यांत आधी भांडायला उभी राहायची ती हीच! आज तिच्याच दारात चोर म्हणून वरात!

तिने दातओठ खाल्ले आणि वायर उपसली.

म्हाळूने भोकाड पसरलं. त्या भोकाडामागून मात्र पाणी कोसळतच होतं. धोऽऽ धोऽऽ धोऽऽ!

शहादेवच्या अंगावर काटा आला. "बघा! बघा! वायर काढली तरी घुमतंय! ह्याला म्हणत्यात क्वालिटी!"

गीताने हातातल्या वायरीकडे पाहिलं, मग विहिरीच्या दिशेने.

"अवो क्वालिटी! तिकडं टँकर ओततोय!"

पुढचं वर्णन कशाला? पलटण उधळली. गीताने लेकरू काखेत मारलं, घागर उचलली, पण उंबऱ्यात स्पीकरचं पोतं पायात आलं. ती विहिरीवर पोचली तेव्हा पोहऱ्यात नुसता गाळ. दुधातलं पाणी ओळखणारे कान मागे बादली घेऊन उभे होते.

संध्याकाळी भिवराकाकूंनी एक भरली घागर आणून दारात ठेवली. "लेकरासाठी हाय. त्या कानवाल्याला थेंब देऊ नकू."

गीताच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंही होतं त्यात. "उद्या सक्काळी ते दोन्ही डबडे परळीला परत! आन टाकी आणल्याबिगर घरात यायचं न्हाई!"

"बरं," शहादेव म्हणाला. स्पीकरकडे बघायचीसुद्धा त्याची छाती झाली नाही.

म्हाळूचं मात्र थांबेना. पाजून झालं, पदराने वारा घालून झाला, खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या झाल्या. लाल झालेलं ते एवढंसं तोंड बघून गीताचा जीव गलबलला. दुपारी तो कशाने गप झाला होता, ते तिला आठवलं. तिने ते पुष्कळ वेळ विसरून बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

"लावा ते."

"काय?"

"पाणी लावा. पर हळू!"

धोऽ... धोऽ... म्हाळूने सुस्कारा सोडला, मूठ उघडली आणि झोपला. गीताने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. इतक्यात कुडाच्या पलीकडून भिवराकाकूंचा दबका आवाज आला,

"गीते... ह्यो टँकर खरा हाय, का तुझ्या नवऱ्याचा?"