सरांची मिशी आणि दुसरा इशारा

सरांनी आयुष्यभर कॉलेजात रोगांशी लढणाऱ्या टी पेशी शिकवल्या आणि मुलांनी त्या परीक्षेपुरत्या पाठ करून आयुष्यभरासाठी विसरून टाकल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर सोसायटीने नवा वॉचमन नेमायचं काम गळ्यात घातलं, तेव्हा सरांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

शरीर काय नि सोसायटी काय, गोष्ट एकच, असं सरांचं म्हणणं. टी पेशी हाडांच्या मज्जेत जन्मते, पण तिला लगेच कामावर सोडत नाहीत. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, ती तिची शाळा. आपली माणसं जिला ओळखताच येत नाहीत, ती नापास. आपल्यांच्याच अंगावर धावून जाते, तीही नापास. बहुतेकींचा निकाल तिथेच लागतो. सरांनी तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत थायमस उघडला.

पहिल्या उमेदवाराला कुणाचाच चेहरा लक्षात राहीना. दुसऱ्याने थेट अध्यक्षांची कॉलर धरली, आणि तेव्हापासून अध्यक्षांनी माणूस नको, कॅमेरे बसवा, असा हेका धरला. शेवटी टिकला तो एक हडकुळा माणूस. त्याला सगळे पैलवान म्हणत. तो मन लावून ऐकायचा, वर शंका विचारायचा. सरांचा ऊर भरून आला. नोकरीत असताना असा विद्यार्थी त्यांच्या नशिबी कधी आला नव्हता.

टी पेशी नुसत्या संशयावर हात उगारत नाही, तिला दुसरा इशारा लागतो. हे काम सरांनी परस्पर बायकोवर, म्हणजे सोसायटीच्या काकूंवर, सोपवलं. पैलवानाला संशय आला की त्याने पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघायचं. काकूंनी घंटा वाजवली तर धरायचं, नाही वाजवली तर गप्प बसायचं. काकूंच्या दुपारच्या झोपेचं त्या दिवसापासून खोबरं झालं.

रविवारी संध्याकाळी अंगणात सभा होती. पैलवान की कॅमेरे, हे ठरणार होतं. नोकरी गेली तर पैलवानाला बायकामुलांसकट सासऱ्यांच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं, आणि सासरे काही बोलायचं बाकी ठेवणारे नव्हते. सरांनी त्याला शब्द दिला होता.

सभेला नीटनेटकं जावं म्हणून सर आधी सलूनमध्ये गेले. तिथे वस्तरा ओठावर असतानाच त्यांनी सलूनवाल्याला दुसरा इशारा हातवारे करून समजावला. अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी ठेवण्यात काही अर्थ नव्हता. ओठही कापला होता. त्यावर रुमाल दाबून सर घाईघाईने फाटकातून आत शिरले.

पैलवान उठला. त्याने वर बघितलं.

"काकू, आपला का?"

काकूंनी नवऱ्याला चालीवरून केव्हाच ओळखलं होतं. पण मिशीला हात लावायचा नाही, हे त्यांनी लग्नात बजावलेलं होतं. शिवाय डोळे झोपेने चुरचुरत होते. त्यांनी घंटा वाजवली. चांगली खणखणीत वाजवली.

पुढच्या क्षणी सरांचं मानगूट पैलवानाच्या मुठीत होतं. रुमाल पडला. सगळी सभा उठून उभी राहिली.

"बघा," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "आपल्याच माणसाला धरलं. नापास ना, सर?"

पैलवानाचा चेहरा पांढराफटक पडला. नियम सरांचाच होता.

"नापास कसा?" सर वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "पेशी आपलीच असते, पण आत रोगाचा विषाणू शिरला की तिचं रूप बदलतं. अशा पेशीलाही टी पेशी सोडत नाही. ही शेवटची परीक्षा होती. त्यासाठी मी मिशी दिली."

"म्हणजे तुम्ही आतून बिघडलेले आहात?" अध्यक्षांनी विचारलं.

"बरीच वर्षं," काकू वरून म्हणाल्या.

सभेचं समाधान झालं. पैलवान कायम झाला.

मात्र एक धडा सर शिकवून बसले होते. एकदा धरलेला परका काही टी पेशी जन्मभर लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याला जास्त झटपट पकडतात. मिशी पुन्हा येईपर्यंत पैलवान सरांना रोज फाटकातच धरू लागला, आणि दर वेळी आदल्या वेळेपेक्षा लवकर. आता त्याला घंटाही लागत नसे. काकू दुपारी गाढ झोपायच्या.

सर मुठीतून मान सोडवायची घाई करत नसत. एका तरी विद्यार्थ्याच्या काही लक्षात राहिलं होतं.