केसिंगवरचे वाकडे आकडे

भिंगराव स्वतःची ओळख करून देताना डोळे मिटून घेत. त्यामुळे ऐकणाऱ्याचा चेहरा पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. "जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत माझ्या तोडीचा माणूस शोधून सापडायचा नाही," ते म्हणत. "इंजिनाला नुसतं बोट लावू द्या, त्याच्या सात पिढ्या सांगतो. माझं नाव काढलं की चोर चळाचळा कापतात." ऐकणारा बहुधा खोडरबर घ्यायला आलेला असे, कारण भिंगरावांचं स्टेशनरीचं दुकान होतं. ज्या भिंगावरून त्यांना हे नाव पडलं, ते भिंगही दुकानातलंच. कडेला टवका उडाल्यामुळे ते खपलं नव्हतं.

त्यांच्यासोबत नेहमी त्यांचा मेहुणा असे. स्कूटर चालवायची, पिशवी धरायची आणि भावोजींनी घोळ घातला की लोकांची माफी मागायची, ही त्याची कामं. "जरा त्यांच्याबरोबर जात जा रे, नाहीतर कुठंतरी मार खाऊन येतील," असं त्याच्या ताईने, म्हणजे भिंगरावांच्या बायकोने, एकदा सांगितलं आणि बिचारा कायमचा अडकला.

या खेपेला बोलावणं आलं ते दातांच्या डॉक्टरबाईंकडून. त्यांच्या वडिलांची एक जुनी मोटारसायकल होती. "कंपनीतून आली तशी आहे, एक नटसुद्धा बदललेला नाही," असं वडील शेवटपर्यंत छाती फुगवून सांगत राहिले. ते गेल्यावर धाकट्या भावाने बँकेतली नोकरी सांभाळून गाडी पूर्ण खोलली, साफ केली आणि पुन्हा जोडली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात 'मूळ स्थितीतल्या' गाड्यांमध्ये ती मांडायची, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. तिथल्या परीक्षकाने मात्र खाली वाकून पाहिलं आणि इंजिनाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, मूळ कंपनीचं नाही असं सांगून टाकलं.

गाडी उघडली होती एकट्या धाकट्याने. डॉक्टरबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

"त्यानं बाबांचं केसिंग बाहेर विकलं आणि नकली बसवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त सिद्ध करा. मग माझ्या घराची पायरी तो पुन्हा चढणार नाही."

भावाबहिणीचं नातं आता भावोजींच्या हातात होतं. मेहुण्याने माफीची वाक्यं आतापासूनच जुळवायला घेतली.

धाकट्याच्या घराखालच्या गॅरेजमध्ये गाडी दोन उंच ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. धाकटा हात पुसत बाजूला उभा राहिला. त्याची आई स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. डॉक्टरबाई दारातच थांबल्या, भावाकडे पाठ करून.

भिंगरावांनी डॉक्टरबाईंच्या पिशवीतला दात तपासायचा आरसा मागून घेतला आणि गाडीखाली आडवे झाले. थोड्या वेळाने आतून आरोळी आली. "सापडलं! इंजिनावरचा नंबर एक आणि पाटीवरचा नंबर भलताच! गाडी चोरीची आहे!"

"भावोजी," मेहुणा हळूच म्हणाला, "ते वेगळेच असतात. सगळ्या गाड्यांचे."

"सगळ्या?"

"आपल्या स्कूटरचेसुद्धा."

भिंगरावांनी स्कूटरकडे क्षणभर संशयाने पाहिलं आणि तो मुद्दा सोडून दिला.

मग त्यांनी केसिंगवर उठून आलेला आकडा वाचला. तो कागदपत्रातल्या इंजिन नंबराशी जुळेना. त्यावरून त्यांनी तीन देशांत पसरलेली टोळी उभी केली. तिचा म्होरक्या कोण हे सांगायच्या बेतात होते, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "तो ओतकामातला आकडा आहे. साच्यातूनच येतो, त्या मापाच्या प्रत्येक केसिंगवर तोच असतो. इंजिनाचा नंबर वर ठोकलेला असतो. आरसा तिरका धरून तिथं बघा."

तिथे बघितलं. ठोकलेला नंबर कागदपत्राशी बरोबर जुळत होता, पण आकडे दारू प्यायल्यासारखे एकमेकांच्या अंगावर कलले होते आणि शेवटचा तर दोनदा उमटला होता.

"कंपनी असं ठोकत नाही!" भिंगराव गरजले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बरोबर बोलले होते, आणि ते त्यांना पेलवलं नाही. "कोऱ्या नकली केसिंगवर जुना नंबर ठोकलाय. ठोकणारा डावखुरा, एका डोळ्यानं अधू आणि भेदरलेला. अपराधी मनाचा माणूस!"

नेमकं त्याच वेळी धाकट्याने डाव्या हाताने नाक खाजवलं.

"बघा!" भिंगराव किंचाळले. डॉक्टरबाईंनी मान वळवून भावाकडे पाहिलं.   धाकट्याची कानशिलं लाल झाली आणि तो पुन्हा हात पुसायला लागला.

"झालं का तुमचं?" आईने शेंगांचं ताट खाली ठेवलं. "तो नंबर मी ठोकलाय."

गाडीखाली ठण्णकन डोकं आपटल्याचा आवाज आला. भिंगराव अजून तिथेच होते.

"साखळी सैल झालीय म्हणून मी रोज सांगत होते," आई म्हणाली. "हे जगाला गाडी कशी राखावी ते शिकवत फिरायचे. एक दिवस साखळी तुटली आणि केसिंग फुटलं. कंपनीचं मिळेना. शेवटी बाजारातलं कोरं आणलं. नंबर ठोकायला घेतला तर ह्यांचे हात लटलट कापायला लागले. म्हटलं, आणा इकडे ती हातोडी. हे बॅटरी धरून उभे. शेवटच्या आकड्याला ह्यांना शिंक आली, उजेड हलला, दोनदा बसला. फुटलेलं केसिंग वर गॅलरीत आहे, कुंडीखाली."

मेहुणा वर पळाला आणि कुंडी बाजूला करून ते घेऊन आला. त्यावर तोच नंबर होता, सरळ, एका ओळीत, कंपनीने ठोकलेला.

"आई, इतकी वर्षं बोलली नाहीस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्यांच्या बढाईनं कोणाचं काय बिघडत होतं? आता बिघडायला लागलं, म्हणून बोलले."

डॉक्टरबाई भावाकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"उघडल्याबरोबर कळलं," धाकटा म्हणाला. "तेल गळू नये म्हणून बाबा जोडाला लाल रंग लावायचे ना, तोच आत लावलेला होता. दुसरं कोण लावतं तो?"

"मग मी चोर म्हणाले तेव्हा तोंड का नाही उघडलंस, गाढवा?"

"काय सांगायचं? बाबा थापा मारत होते म्हणून? तुझ्यासाठी ते देव होते, ताई. माझ्यावर चिडलीस तर कधीतरी राग उतरला असता. त्यांच्यावर चिडून तू काय करणार होतीस?"

डॉक्टरबाई रडल्या. सरळ, मोठ्याने, नाक ओढत रडल्या. आपण भावाला किती सहज चोर ठरवलं याची लाज त्यांना वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही. मग त्यांनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"उद्या प्रदर्शनवाल्यांना सांग, गाडी दुरुस्त केलेल्यांमध्ये मांडायची. मूळ स्थिती वगैरे काही नको."

"दुरुस्ती कोणी केली म्हणून विचारतील."

"आईनं, म्हणून सांग."

आईने नुसतं हुं केलं आणि शेंगांचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. पण तिचे हात बराच वेळ सोलायचे थांबले होते.

भिंगरावांना गाडीखालून पाय धरून ओढून काढावं लागलं. त्यांनी कपडे झटकले, आरसा परत केला आणि तडक बाहेर पडले. स्कूटरवर ते स्वतःच पिशवी पोटाशी धरून बसले. मेहुण्याला वाटलं, माणूस खजील झाला असेल. त्याला थोडी दयाही आली.

मग मागून त्याच्या खांद्यावर थाप पडली.

"एक सांगू?" भिंगराव म्हणाले. "त्या म्हातारीवर माझा पहिल्यापासून संशय होता."